भिंतीला पाणी

तलाव उतरला तसा त्याच्या तळातला जुना रस्ता वर आला, आणि त्या रस्त्यावरून शेळ्या चरायला जाऊ लागल्या. तेव्हा पाणी समितीची खात्री पटली, की आता काहीतरी करायला पाहिजे. समितीनं काय करावं? दर वाढवला. नुसता वाढवला असता तर लोकांनी दोन दिवस शिव्या देऊन भरला असता. पण समितीनं त्याचे टप्पे पाडले. पहिला टप्पा गरजेचा, तो स्वस्त. त्याच्या वर वापरलं तर दुसरा टप्पा सवयीचा, तो दुप्पट. त्याच्याही वर गेलं की तिसरा टप्पा उधळपट्टीचा, तो चौपट. लोकांनी पाणी जपून वापरावं, एवढाच हेतू. ज्याचा त्याचा टप्पा बिलावर शिक्का मारून कळवायचा, म्हणजे वाचणाऱ्याला लाजही वाटेल आणि समितीची शाईही फुकट जाणार नाही.

पहिल्याच बिलाला मापाड्याच्या कागदावर जांभळा शिक्का उमटला: उधळपट्टी.

मापाडी म्हणजे गावाला दूध घालणारा. दुधाचं माप भरताना त्याचा अंगठा मापाच्या आत असायचा. अंगठ्याएवढं दूध दर घरामागं वाचतं, असं गिऱ्हाइकांचं म्हणणं. माप धरायचं तर अंगठा कुठं खिशात ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला चिकटवणारा, दुधाचा डबा विसळलेलं पाणी म्हशीला पाजणारा हा माणूस. त्याच्या सात पिढ्यांत कुणी काही उधळलं नव्हतं. तो बिल घेऊन ओट्यावर बसला आणि बायकोला म्हणाला, "अगं, हे बघ काय लिहिलंय."

थोरलीनं बघितलं. "शिक्का चांगला उमटलाय," ती म्हणाली.

घरात मापाडी, त्याची बायको थोरली, धाकटा भाऊ गवंडी, त्याची बायको धाकटी, दोघांची आई, दोघांची मिळून चार पोरं आणि चार म्हशी. नळ एक. पोरांना एक वेळ दटावता येतं, म्हशीला येत नाही. तोंड घातलं की बादलीचा तळ दिसेपर्यंत ती वर बघत नाही. मापाड्यानं तरी हिंमत सोडली नाही. तो नळाशी पाट टाकून बसू लागला. कुणी हात धुवायला आलं की विचारी, "आत्ताच धुतले होतेस ना?" भाऊ दिवसभर सिमेंटात राबून यायचा, त्याला दोन तांबे पाणी जास्त लागायचं. त्या दोन तांब्यांकडं मापाडी असा बघायचा, की गवंड्यानं शेवटी मान धुणं सोडून दिलं. त्याच्या मानेवर सिमेंटाचा करडा पट्टा कायमचा बसला.

दुसऱ्या बिलावरही तोच शिक्का.

कहर म्हणजे समोरचा मास्तर. एकटा जीव, सडाफटिंग. रोज दोनदा अंघोळ, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी, सायकल धुवायची ती वेगळी. त्याच्या बिलावर शिक्का: गरज. मास्तरानं ते बिल दारावर डकवलं होतं.

मापाडी कचेरीत गेला. तिथला कारकून पंख्याखाली कागदांवर दगड ठेवून बसला होता.

"आमच्यात माणसं नऊ आहेत," मापाडी म्हणाला. "मास्तर एकटा. हिशेब माणशी करा. मग बघू कोण उधळतंय."

"दर माणसाला नाही. नळाला आहे."

"नळ काय स्वतः पाणी पितो?"

"एका नळामागं एक कुटुंब धरलंय."

"आमच्या नळामागं दोन कुटुंबं आणि चार म्हशी आहेत."

"म्हशींचं कुटुंब धरत नाहीत," कारकून म्हणाला.

"मग दोन कुटुंबांना दोन नळ द्या की!"

"वेगळे राहता?"

"वेगळे कशाला राहू? काय आग लागलीय?"

"मग एकच." कारकुनानं दगड उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला. "चूल वेगळी, दार वेगळं, मधे पक्की भिंत. आमचा तपासनीस येऊन बघणार, खात्री पटली तर दुसरा नळ. मग दोघांचे पहिले टप्पे वेगळे. पण आहे का तुमच्यात तसं काही?"

मापाड्यानं थोडा विचार केला. "आहे," तो म्हणाला. "म्हणजे होणारच आहे."

संध्याकाळी तो धारेला बसला. भाऊ कामावरून आला आणि म्हशीपुढं चारा टाकू लागला. मापाडी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाला, "आपण वेगळं व्हायचं."

गवंड्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "काय चुकलं माझं, दादा?"

"तुझं काही चुकलं नाही. टप्पा चुकलाय." मग त्यानं सगळं समजावलं. भिंत खोटी-खोटी, चूल खोटी-खोटी, भांडण खोटं-खोटं. नळ मात्र खरा. नळ आला की भिंत काढून टाकायची. गवंड्यानं सुस्कारा सोडला आणि पेंढी म्हशीपुढं टाकली. म्हैस इतका वेळ त्या पेंढीकडंच बघत होती.

अर्ज भरायला सगळे ओट्यावर बसले. घरातली माणसं कोण कुठल्या बाजूला, ते लिहायचं होतं. चार नावं लिहून झाली, पोरंही वाटली गेली. मग आईनं विचारलं, "मला कुणाकडं लिहिलंस?"

"माझ्याकडं."

"का? धाकट्यानं काय पाप केलंय?"

"बरं, त्याच्याकडं लिहितो."

"म्हणजे तू मला घालवतोस."

"अगं आई, हे नुसतं कागदावर आहे!"

"मग कागदावर तरी घालवू नकोस."

मापाड्यानं खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्यानं 'आई – दोन्हीकडे' असं लिहिलं आणि अर्ज घडी घालून ठेवून दिला.

भिंतीची जागा ठरलेलीच होती, अंगणाच्या मधोमध. एका बाजूला गोठा आणि नळ, दुसऱ्या बाजूला धाकट्याच्या दोन खोल्या आणि मागच्या रस्त्यावर उघडणारं दार. मापाड्याचं म्हणणं, विटा नुसत्या रचून ठेवायच्या, वरून चुना फासायचा. तपासनीस काय डोकं आपटून बघणार आहे?

गवंडी म्हणाला, "गवंड्याच्या घरची भिंत रचून ठेवलेली? उद्या वाऱ्यानं पडली तर मला काम कोण देईल?"

"पडायलाच हवी आहे ती, महिन्याभरानं."

"पडायची तेव्हा पाडू. पण उभी आहे तोवर भिंतीसारखी उभी राहील."

असं म्हणून त्यानं दोरी लावली. पाया खणला, तोही गुडघाभर. दुसऱ्याच्या कामावर ठेकेदाराच्या धाकानं घाईघाईनं विटा चढवणारा हा माणूस आपल्या अंगणात वेगळाच झाला. प्रत्येक वीट भिजवून, हातात फिरवून, तिचं तोंड बघून ठेवायचा. ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा, मागं सरकायचा, पुन्हा पुढं यायचा आणि थापीच्या मुठीनं विटेला एक टिचकी मारायचा. पोरं ओळीनं बसून बघायची. आई म्हणायची, "लहानपणी असाच भाताचा किल्ला करायचा. जेवायचा मात्र नाही."

भिंत उभी राहिली, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. भिंतीला पाणी मारायचं होतं.

"किती मारायचं?" मापाड्यानं विचारलं.

"दिवसातनं तीनदा. ऊन जास्त असेल तर चारदा. पोती ओली करून टाकायची वर."

"किती दिवस?"

"सिमेंट सांगेल तितके दिवस."

"आणि नाही मारलं तर?"

"तडकेल." गवंड्यानं ते अशा आवाजात सांगितलं, की जणू पोराला गोवर येईल.

सकाळी बादली घेऊन तो भिंतीवर तांब्या-तांब्यानं पाणी सोडायचा. पाणी विटांच्या सांध्यांतून खाली झिरपत यायचं, आणि भिंत सुक्या फडक्यासारखी ते ओढून घ्यायची. मापाडी पलीकडून डोळे ताणून बघायचा. प्रत्येक तांब्या बोटावर मोजायचा. एकदा त्यानं म्हशी धुतलेलं पाणी बादलीत धरून गुपचूप भिंतीवर मारून बघितलं. भावानं नाकानं ओळखलं.

"दादा, माझ्या भिंतीला शेणाचं पाणी?"

"अरे पाणी ते पाणी. भिंतीला काय चव कळते?"

"मला कळते," गवंडी म्हणाला, आणि त्यानं स्वच्छ पाण्यानं भिंत वरपासून खालपर्यंत पुन्हा धुवून काढली. जाणार ते वाचलं नाहीच, वर दुप्पट गेलं. दुसऱ्या दिवसापासून मापाडी त्या वेळेला दूध घालायला बाहेर पडू लागला. डोळ्यांसमोर नसलं तर निदान तांबे मोजावे लागत नाहीत.

त्या महिन्याचं बिल कारकून स्वतः घेऊन आला, कारण त्याला ते घर बघायचं होतं. कचेरीच्या फळ्यावर ज्यांनी सर्वात जास्त पाणी वापरलं त्यांची यादी लागायची. त्यात बर्फाच्या कारखान्याच्या खाली आणि दवाखान्याच्या वर मापाड्याचं घर होतं.

"एवढं पाणी केलं काय?" कारकुनानं विचारलं.

"पाणी वाचवत होतो," मापाडी म्हणाला.

एव्हाना दुसरी चूल पेटली होती. सगळे म्हणत होते ना, खोटी-खोटी? चुलीला ते कुणी सांगितलं नव्हतं. धाकटीनं पहिल्या दिवशी मनासारखं तिखट घातलं आणि कुणीही खोकलं नाही, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीनं दुपारी भांडी न घासता पाय पसरून झोप काढली. सकाळची कढई संध्याकाळपर्यंत तशीच पालथी. कुणी कढईकडं बघून भिवया उडवल्या नाहीत. दोघी जावा आधी दिवसातून चारदा भांडायच्या. आता चारदा भिंतीशी येऊन गप्पा मारू लागल्या.

"जाऊबाई, काय केलंत?"

"डाळ. तू?"

"मी पण डाळ."

"माझी पातळ झाली."

"माझी घट्ट झाली. वाटी सरकवते वरून."

नळ मात्र मापाड्याच्या बाजूला. धाकटीला घागर घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायचं, गल्लीला वळसा घालायचा, समोरच्या दारानं आत यायचं, भरून पुन्हा तशीच फेरी. वाटेत मास्तर कुंड्यांना पाणी घालताना विचारायचा, "काय वहिनी, घरातून घरात निघालात?" ती पदर सावरून म्हणायची, "हो ना. मोठं घर आहे आमचं."

सगळ्यांचं बरं चाललं होतं. एकट्या मापाड्याचं चाललं नव्हतं.

आधी दोघं भाऊ ओट्याखाली शेजारी-शेजारी जेवायला बसायचे. मापाड्याला भाजीतली मिरची चालत नाही. ती बोटानं काढून तो न बघता डाव्या हाताला भावाच्या ताटात सरकवायचा, आणि भाऊ न बघता खायचा. आता भिंत नेमकी त्या डाव्या हाताशी होती. पहिल्या दिवशी मिरची धरलेली बोटं विटेवर आपटली. दुसऱ्या दिवशीही. मिरच्या ताटाच्या कडेला साठू लागल्या. भिंतीपलीकडून भावाच्या घशात पाणी उतरल्याचा आवाज यायचा, मधेच हसू यायचं. कशाला हसला ते कळायचं नाही. विचारावं तर भिंतीवरून ओरडावं लागायचं, आणि ओरडून विचारण्यासारखं ते नव्हतं.

"जेवत का नाही?" थोरलीनं विचारलं.

"बिलाचा विचार करतोय," तो म्हणाला.

तपासनीस आला तो एका भर उन्हाच्या दुपारी. उंच, वाळका, हातात छत्री, चेहरा असा की आयुष्यभर लोकांनी त्याच्याशी खोटंच बोललेलं असावं. त्याला बघताच मापाड्यानं कंबर कसली आणि ठरल्याप्रमाणे भिंतीकडं तोंड करून ओरडला, "ए! तुझी सावली माझ्या अंगणात पडतीय!"

पलीकडून गवंड्याचा दबलेला आवाज आला, "दादा, आधी शेणाचं म्हणायचं ठरलं होतं."

"तुझ्या बाजूचं शेण—"

"शेण तुझ्या बाजूला आहे. म्हशी तुझ्याकडं आहेत ना!"

"तेच म्हणतोय मी! माझ्या शेणाकडं बघायचं काम नाही तुला! तू माझा भाऊ नाहीस, वैरी आहेस, वैरी!"

यावर गवंड्यानं "तूच वैरी" असं म्हणायचं होतं. पण त्याला लहानपणापासून ही एक खोड: गंभीर व्हायचं ठरवलं की हसू फुटायचं. भिंतीमागून फस्स असा आवाज आला. आई ओट्यावर बसली होती, ती मदतीला धावली. "अरे, आता तू घागरीचं काढ!" ती धाकट्याला ओरडून म्हणाली.

तपासनिसानं छत्री मिटली. तेवढ्यात भिंतीवरून एक हात आला, हातात वाटी. "जाऊबाई, साहेबांच्या चहाला साखर आहे का, की देऊ?"

"आहे गं. पण दूध उतू गेलं बघ तुझं, वास येतोय!"

"अगं बाई!"

तपासनीस इकडचा चहा प्याला. वळसा घालून तिकडं गेला, तिकडचाही प्याला. दोन्ही चुली बघितल्या. मग त्यानं भिंतीवरून हात फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केली. लगेच गवंडी मागच्या रस्त्यानं धावत आला आणि सांगू लागला, पाया किती, सांध्यावर सांधा कसा येऊ दिला नाही, कोपऱ्यात ओळंबा सुताएवढाही का हलत नाही. तपासनिसानं सगळं ऐकून घेतलं.

"भिंत पक्की आहे," तो म्हणाला. "भांडण कच्चं आहे. एक घर आहे हे, मधे भिंत असलेलं. मी एकदा पुन्हा येईन. तेव्हाही असंच दिसलं तर अर्ज बाद."

तो गेल्यावर मापाड्याला खरं तर वाईट वाटायला पाहिजे होतं. पण त्याला एकदम भूक लागली. त्यानं दोन दिवस मनाशी घोळवलं. आकडे त्याच्या बाजूनं होते: भांडी दोनदा घासली जातात, दोन ठिकाणी फरशी पुसली जाते, आधी एका पाण्यात डाळ-तांदूळ धुतले जायचे, आता दोन पाण्यांत. दोन चुलींना एका घरापेक्षा जास्तच पाणी लागत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घण घेऊन अंगणात आला.

"धाकट्या! पाडू या भिंत!"

गवंडी कामावर निघाला होता. भिंतीवरून त्याचं डोकं वर आलं. "का?"

"परवडत नाही."

"नळ मिळायचाय अजून. तपासनीस पुन्हा येणार आहे."

"नळ गेला उडत. दोन चुलींना पाणी जास्त जातंय. मी हिशेब केलाय."

गवंडी म्हणाला, "मी नाही पाडणार."

"काय?"

"तू म्हणालास बांध, मी बांधली. तू म्हणतोस पाड, मी पाडायची. मी काय तुझ्या म्हशीचं रेडकू आहे, दावं सोडलं की प्यायला धावायचं आणि ओढलं की थांबायचं?" त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. हसू तर नव्हतंच. "जन्मात पहिल्यांदा सावकाश बांधलंय मी काहीतरी. लोकांच्या बंगल्यांना घाईघाईत विटा चढवतो. ही एकच भिंत आहे माझ्या मनासारखी."

"भिंतीचं काय घेऊन बसलास! दुसरी बांध कुठंतरी!"

"कुठं? तू पाणी मारू देशील? मान धुवायला देत नाहीस तू मला!"

धाकटी दारात आली, थोरली नळाशी उभी राहिली.

"मी मान धुवायला देत नाही?" मापाड्याचा आवाज चढला. "अरे, बाप गेल्यावर वाढवला कुणी तुला? माझ्या ताटातलं दिलं तुला!"

"ताटातल्या मिरच्या दिल्यास!"

हे भलतीकडंच लागलं. मापाड्यानं दोन्ही हातांनी घण उचलला आणि भिंतीवर घातला. ठिणगी उडाली. भिंतीला खरचटलंही नाही. त्याचे हात मात्र खांद्यापर्यंत झिणझिणले.

"हात लावू नकोस माझ्या भिंतीला!" पलीकडून गवंडी ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला.

"तुझी? विटा कुणाच्या पैशाच्या? पाणी कुणाच्या नळाचं? जा, बस तुझ्या त्या भिंतीला मिठी मारून! मला भाऊ नाही, असं समजेन मी!"

"समज! आजपासूनच समज!"

"वा," दारातून कुणीतरी म्हणालं. "आता कसं!"

तपासनीस उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसत होतं. बऱ्याच वर्षांत डोळ्यांदेखत काहीतरी खरं घडताना बघितल्यासारखं. तो आत आला, ओट्यावर बसला, पिशवीतून कागद काढून त्यानं भराभर लिहायला घेतलं.

"मंजूर," तो म्हणाला. "दुसरा नळ पुढच्या आठवड्यात बसेल. दोघांचा पहिला टप्पा. इथं सही करा, मग पलीकडं जाऊन त्यांची घेतो."

मापाडी धापा टाकत होता. "काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"नेहमीचंच. 'आम्ही दोघे भाऊ विभक्त असून आमचा एकमेकांच्या चुलीशी, व्यवहाराशी व येण्याजाण्याशी संबंध उरलेला नाही.'"

"पुन्हा वाचा."

तपासनिसानं पुन्हा वाचलं. म्हशीनं गव्हाणीवर शिंग घासलं. आई ओट्यावरून मापाड्याकडं बघत होती, आणि या वेळी तिनं काय म्हणावं ते सुचवलं नाही.

मापाड्यानं पेन घेतलं. टोक कागदावर ठेवलं. त्याच्याइतकं कुणाला कळत होतं, की या एका सहीनं शिक्का जाणार, फळ्यावरचं नाव जाणार, मास्तराच्या दारासमोरून मान वर करून जाता येणार? त्यानं पेन उचललं आणि तपासनिसाच्या खिशाला परत अडकवलं.

"एकच नळ राहू द्या, साहेब."

"अहो, पण आता तर तुम्ही खरोखर—"

"म्हणून तर," मापाडी म्हणाला. "खोटं भांडण असतं तर डोळे मिटून सही केली असती. आज खरं झालंय. आज कशी करू?"

तपासनीस त्याच्याकडं बघत राहिला. "अख्खं गाव वेगळं व्हायला टपलंय. कचेरीत रांग लागलीय. नवरा-बायको भिंती घालून दाखवतायत मला. आणि तुम्ही… तिसरा टप्पा भराल?"

"भरीन."

"शिक्का बसेल. उधळपट्टीचा."

"बसू द्या. नाहीतरी बसलाच आहे." मग त्यानं विचारलं, "माणशी हिशेब करायचं काही बघता येईल का, साहेब? नऊ माणसं आहोत. एका घरातली."

"वर कळवतो," तपासनीस म्हणाला. त्यानं अर्जावर रेघ मारली, छत्री उघडली आणि चहा न घेता गेला.

मापाडी पुन्हा भिंतीसमोर येऊन उभा राहिला. आयुष्यभर जे बोलला ते मापात बोलला. हे कुठल्या मापात बसणार? "धाकट्या," तो भिंतीला म्हणाला, "बिलाचं नव्हतं रे ते. घास उतरत नाही माझा."

मागचं दार वाजलं. भाऊ कामावर निघून गेला असणार. पण थोड्या वेळानं गवंडी गल्लीला वळसा घालून समोरच्या दारानं आत आला. कमरेला छिन्नी, डोळे लाल. भावाकडं न बघता त्यानं त्याच्या हातातून घण काढून घेतला.

"असा धरत नाहीत," तो म्हणाला. "मनगट जाईल. आणि मधोमध मारून काय होतंय? एका विटेचे सांधे आधी सैल करायचे."

"पण तुझी ती मनासारखी…"

"बघितली की मनसोक्त. फोटो काढून ठेवलाय."

इतक्यात थोरली आणि वळसा घालून आलेली धाकटी पुढं आल्या. दोघींनी मधल्या काळात भिंतीवरूनच ठराव केला होता. "भिंत पाडा," थोरली म्हणाली, "पण चुली दोन राहतील."

"दोन चुलींना पाणी—" मापाड्यानं तोंड उघडलं.

"पाणी नका मोजू. जेवायला कुठंही बसा, दोघं एकत्र बसा, आम्ही वाढू. पण कढई माझी माझी आणि तिची तिची."

"मला दोन्हीकडं जेवायला मिळेल ना?" आईनं विचारलं. "लिहिलेलं आहे तसं."

कामाला सुरुवात झाली. मापाडी या बाजूनं छिन्नी-हातोडा घेऊन बसला, गवंडी वळसा घालून त्या बाजूला गेला आणि घण घालू लागला. दुपार झाली. भिंत हलेना. मापाड्याच्या तळहाताला फोड आले, ते फुटले. भुवयांवर विटेची लाल पूड बसली. इतकं पाणी पाजून, पोत्यांत निजवून वाढवलेली भिंत ती. ती का म्हणून पडेल?

"कसली बांधलीस रे ही!" मापाडी पलीकडं ओरडला.

"मी सांगत होतो ना!" पलीकडून आवाज आला. दम लागलेला, पण त्यात एक गुर्मी होती. प्रत्येक घावाला गवंडी शिवी हासडत होता आणि प्रत्येक शिवी कौतुकाची होती.

ऊन कलता कलता एक वीट निघाली. एकच. मूठभर भोक पडलं. त्यातून गवंड्याचं तोंड दिसलं, घामानं चिकटलेलं, ओठ कोरडे पडलेले.

"दादा, पाणी दे."

मापाडी नळाशी गेला. तांब्या काठोकाठ भरला, सवयीनं घोटभर परत बादलीत ओतला, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा भरला. भोकाशी आला तर तांब्या आत जाईना. त्यानं तिरका करून बघितला, आडवा करून बघितला. भिंतीवरून द्यावा तर फोडांच्या हातांनी भरला तांब्या डोक्यावर उचलेना.

"ओंजळ धर," तो म्हणाला.

पलीकडं दोन हात जुळले. फोड आलेले, सिमेंटाच्या भेगा पडलेले. मापाड्यानं भोकातून धार सोडली. भाऊ वाकून घटाघटा पिऊ लागला, पण वरून ओतायचं आणि मधे विटांची जाडी. अर्धं पाणी ओंजळीत गेलं, अर्धं भोकाच्या कडेवरून विटांवर ओघळलं आणि सांध्यांत मुरू लागलं. मापाड्याला ते दिसत होतं. तरी त्याचा हात थांबला नाही. त्यानं तांब्या आणखी कलता केला.

पलीकडं गवंड्यानं तोंड वर काढलं.

"सांडू नकोस रे भिंतीवर," तो ओरडला. "आणखी पक्की होईल!"